पिकअपच्या हौद्यात हिवाळी मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे जी गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे ती साधी मालवाहू पिकअप. हौद्यात सुटा बसवलेला झोपायचा खोका, दोन माणसं आणि जानेवारीतली स्पिती, म्हणजे हिमाचलातलं उंचावरचं थंड खोरं. सागवानी पॅनेलिंग, सिंक आणि दिव्यांच्या माळा हव्या असतील त्यांना इथे फारसं काही सापडणार नाही. उणे वीस अंशांत सकाळी धडधाकट उठायचं आणि गाडी सुरू व्हायला हवी, एवढंच ज्यांचं म्हणणं आहे त्यांच्यासाठी पुढची उत्तरं.

कोणती पिकअप घ्यावी?

कमी पैशात करायचं असेल तर जुनी महिंद्रा बोलेरो पिकअप. आठ-नऊ फुटी हौदा मिळतो, त्यामुळे पाय लांब करून झोपता येतं. पाटे दणकट असतात आणि स्पितीच्या वाटेवर रामपूरच्या पुढेही तिचं काम जाणणारा मेकॅनिक भेटतो. टाटा योद्धाही चालेल.

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स दिसायला देखणी, फोर बाय फोर मिळते आणि खासगी नोंदणी होते. पण डबल कॅबमुळे हौदा जेमतेम पाच फुटांचा उरतो. मग फाळका उघडा ठेवून खोका मागे काढावा लागतो किंवा कॅबच्या टपावर झोपायची जागा करावी लागते. दोन्हींत खर्च वाढतो आणि थंडी आत शिरायला जास्त जागा मिळते. शिवाय अशा गाड्यांची कागदोपत्री भारक्षमता मालवाहू पिकअपपेक्षा बरीच कमी असते. माहितीपुस्तिकेतला आकडा बघितल्याशिवाय पत्र्याला हात लावू नका.

पण बोलेरो पिकअप मागच्या चाकांवर चालते. बर्फात घसरणार नाही का?

रिकामी असेल तर नक्की घसरेल. खोका, पाणी आणि सामान मिळून तीन-साडेतीनशे किलो वजन मागच्या धुरीवर किंवा थोडं पुढे बसलं की पकड बरीच सुधारते. तरीही मागच्या चाकांसाठी साखळ्या हव्यातच, आणि त्या घरच्या अंगणात एकदा लावून-काढून बघा. अंधारात, बधिर बोटांनी पहिल्यांदा साखळी लावणं म्हणजे काय, ते अनुभवण्यासारखं नाही. कडक बर्फावर फोर बाय फोरही थांबायला मदत करत नाही, फक्त निघायला करते. मैदानी टायरचं रबर सात अंशांखाली कडक होत जातं, तेव्हा वेग ठेवतानाच हे लक्षात असू द्या.

आरटीओचं काय? दंड बसेल का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. म्हणून चासी कापणं, कॅबची मागची भिंत काढणं, हौद्यावर कायमची खोली वेल्ड करणं यांच्या वाटेला जाऊ नका. ‘मोटार कॅराव्हॅन’ म्हणून रीतसर नोंदणी होते, तिच्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, पण ती मंजुरी बजेटमध्ये बसणारी नाही.

आमचा सल्ला एकच: खोका सुटा ठेवा. टर्नबकल आणि रॅचेट बेल्टने हौद्याच्या कड्यांना आवळलेला, चार माणसांनी उचलून उतरवता येईल असा. रुंदी हौद्याबाहेर जाऊ देऊ नका, दिवे आणि नंबरप्लेट झाकू नका. तरी एकदा तुमच्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, कारण वाद झाला तर तो बहुधा नाक्यावर होत नाही, दावा करताना होतो.

मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. त्यावरच्या गाडीला लागतं, आणि राज्याबाहेर जायचं म्हणजे नॅशनल परमिट. जुनी गाडी घेताना आरसीवरचा हा आकडा आधी वाचा.

आणि हो, गाडी चालू असताना खोक्यात कुणीही बसायचं नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही.

खोका केवढा करावा? उभं राहता आलं तर बरं ना?

नको. आतून २.४ मीटर लांब, १.५ मीटर रुंद, १.३ मीटर उंच एवढा पुरे. झोपता येतं, मांडी घालून बसता येतं, चहा करता येतो. उभं राहायची उंची दिली की घनफळ वाढतं, तापवायची हवा वाढते, गुरुत्वमध्य वर जातो आणि स्पितीच्या वाटेवरच्या किन्नौरमधल्या कपारीखालच्या रस्त्यांवर, जिथे डोंगर कोरून छत केल्यासारखा रस्ता आहे तिथे, तुमचा टप आणि कातळ यांची ओळख होते. कपडे उभ्याने बदलायची हौस पुण्यात भागवावी.

इन्सुलेशन कशाचं?

पैसे इथे घाला. बाकी सगळं यानंतर.

आपल्याकडे द्राक्षांच्या शीतगृहांमुळे एक फायदा झाला आहे. नाशिक, सांगली या पट्ट्यात पफ पॅनेल सहज मिळतात आणि उरलेले तुकडे स्वस्तात सुटतात. दोन बाजूंना अर्धा मिलिमीटर रंगीत पत्रा, मध्ये पॉलियुरेथेन फोम. चाळीस मिलिमीटर जाडीचं पॅनेल चौरस मीटरला साधारण साडेनऊ किलो भरतं. वर सांगितलेल्या खोक्याला सव्वासतरा चौरस मीटर लागतात, म्हणजे सुमारे १६५ किलो. वेगळी फ्रेम जवळजवळ लागत नाही, कोपऱ्यांना ॲल्युमिनियमचा अँगल आणि रिव्हेट पुरतात.

हिशेब करून बघू. बाहेर उणे २०, आत अधिक १०, म्हणजे फरक ३० अंशांचा. चाळीस मिलिमीटर पफमधून एवढ्या खोक्यातून साधारण पावणेतीनशे वॅट उष्णता बाहेर जाते. सांधे, दार आणि वायुवीजन धरून दुप्पट समजा, साडेपाचशे. हाच खोका नुसत्या पत्र्याचा असता तर तीन किलोवॅटहून जास्त लागले असते. झोपलेलं माणूस स्वतः ७०-८० वॅट देतं, म्हणजे दोघांचे मिळून दीडशे. चांगल्या खोक्यात तुमचं अंगच चौथाई काम करतं, पत्र्याच्या खोक्यात त्याचा पत्ताही लागत नाही.

पफ नाही मिळालं तर एक्सपीएस (कडक पॉलिस्टायरीन फोमची) शीट घ्या, पन्नास मिलिमीटर. थर्माकोल स्वस्त आहे, पण जाडी जास्त द्यावी लागते आणि वर्षभरात त्याचा भुगा होतो. ग्लासवूल टाळा. चालत्या गाडीत ते खाली बसतं आणि एकदा श्वासाची ओल शिरली की वाळत नाही.

एक गोष्ट वेल्डरला समजावून सांगावी लागते. आतून बाहेर आरपार जाणारा लोखंडी पाइप ठेवायचा नाही. लोखंडातून उष्णता फोमच्या हजारपटीहून जास्त वाहते. इतक्या मेहनतीने लावलेल्या पॅनेलमध्ये असे दहा पाइप घातले की त्या दहा रेषांवर सकाळी दवाचे थेंब लोंबकळताना दिसतील. फ्रेम हवीच असेल तर ती बाहेरून द्या, आतला थर अखंड राहू द्या.

तळ विसरू नका. लोक भिंतींना शीट लावतात आणि हौद्याच्या पत्र्यावर प्लाय टाकून गादी अंथरतात. रात्री सगळ्यात जास्त थंडी खालूनच लागते, कारण अंगाखाली गादी दबते. खालीही चाळीस मिलिमीटर पफ, त्यावर १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय.

चकचकीत बबल फॉइल लावलं तर भागेल का?

नाही. समोर मोकळी हवेची फट असेल तरच ते थोडं काम करतं. पत्र्याला चिकटवलं की ते फक्त चकचकीत दिसतं.

हीटर कोणता?

बाहेरची हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारा, १२ व्होल्टचा डिझेल हीटर. ज्वाळेची हवा वेगळी आणि खोक्यातली हवा वेगळी, हाच त्याचा मुख्य गुण. क्षमता २ किलोवॅटची घ्या. बाजारात पाच किलोवॅटचे चिनी हीटर जवळपास त्याच किमतीत दिसतात आणि मोह होतो. पण साडेपाचशे वॅटची गरज असलेल्या खोक्यात पाच किलोवॅटचा हीटर सतत मंद जळतो, काजळी धरतो आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री पेटायचं नाकारतो.

उंचीचा प्रश्न वेगळाच. स्पितीतलं मुख्य गाव काझा ३,७०० मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाहूनही कमी असतो. हवा विरळ, डिझेल तेवढंच, म्हणजे पुन्हा काजळी. म्हणून उंचीनुसार डिझेल कमी करण्याची सोय असलेलाच हीटर घ्या, आणि ती सोय कंट्रोलरवर खरोखर आहे का, हे दुकानातच चालू करून बघा. झोपण्याआधी पंधरा मिनिटं पूर्ण ताकदीवर चालवला की आतली काजळी जळून जाते.

मंद आचेवर रात्रभरात साधारण सव्वा लिटर डिझेल लागतं. धुराचं नळकांडं खोक्याच्या तळातून खाली आणि बाजूला काढा, त्याला उष्णतारोधक वेटोळं द्या, आणि त्याचं तोंड दाराखाली किंवा हवेच्या झरोक्याखाली येऊ देऊ नका. गाडी बर्फात रुतून उभी असेल तर आधी ते तोंड फावड्याने मोकळं करा.

शेगडी किंवा छोटा गॅस हीटर लावून झोपलं तर? गावात सगळे लावतात.

नाही. स्पितीतल्या घरात खोलीच्या मधोमध जो तंदूर असतो त्याला छतातून बाहेर जाणारं धुराडं असतं. तुमच्या कोळशाच्या शेगडीला ते नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे ८ पर्यटक, त्यांत लहान मुलंही होती, खोली बंद करून गॅस हीटर लावून झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत. ती हॉटेलची खोली होती. तुमचा खोका तिच्याहून कितीतरी लहान आहे.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि डोकं जड होतं ते उंचीमुळे असेल असं वाटून माणूस पुन्हा झोपतो. हा वायू ओळखणारा, दोन हजार रुपयांच्या आसपासचा अलार्म उशीच्या पातळीवर लावा. डिझेल हीटर असला तरी लावा. इंजिन चालू ठेवून झोपणं हाही याच जातीचा मूर्खपणा.

सकाळी छतावरून पाणी ठिबकतं. गळती कुठून?

बहुतेक वेळा गळती नसतेच. दोघांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं आणि सगळ्यात थंड जागी जाऊन बसतं. उपाय विचित्र वाटतो पण तोच खरा: बंद खोक्यात दोन झरोके उघडे ठेवा. एक खाली, एक वर, तळहाताएवढे, जाळी लावलेले. थोडी ऊब जाते, ती हीटर भरून काढतो. कोरडी गार हवा ओल्या उबदार हवेपेक्षा बरी.

गादी सरळ प्लायवर टाकू नका, खाली लाकडी पट्ट्या ठोका म्हणजे हवा खेळेल. ओले मोजे, बूट आत वाळत घालू नका. आणि बंद दारात भात शिजवू नका.

झोपताना अंगावर काय घ्यायचं?

हीटर बंद पडेल असं धरून अंथरूण घ्या. उणे १५ अंशांचा आराम-आकडा असलेली स्लीपिंग बॅग प्रत्येकी एक, वर घरची जाड गोधडी. बॅगेवर एकाहून जास्त आकडे छापलेले असतात, त्यातला ‘कम्फर्ट’चा बघा. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा जीव वाचण्याचा असतो, झोप लागण्याचा नव्हे.

बॅटरी लिथियमची की साधी?

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते. ती घेणार असाल तर खोक्याच्या आत, गादीखाली ठेवा, आणि थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारी बीएमएस (बॅटरी सांभाळणारी सर्किट) असलेलीच घ्या. साधी इन्व्हर्टरची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी जड असते, कडाक्यात निम्मीच ताकद देते, पण स्वस्त पडते आणि गावोगाव बदलून मिळते. हीटरचा पंखा आणि पंप मिळून एका रात्रीत पंधरा-वीस अँपिअर-तास खातात, दिवा आणि मोबाइल वर थोडे. म्हणजे रोज गाडी चालणार असेल तर साधी बॅटरी पुरते. गाडीच्या अल्टरनेटरवरून रिले किंवा डीसी-डीसी चार्जर लावा, आणि खोक्याची बॅटरी गाडीच्या बॅटरीपासून वेगळी ठेवा. सकाळी गाडीच सुरू झाली नाही तर उबदार खोक्याचं काय करायचं?

सोलर?

दरीत सूर्य उशिरा येतो आणि लवकर जातो. पहिल्या वर्षी नको.

महाराष्ट्रातली गाडी तशीच न्यायची का?

इथे सगळ्यात जास्त गाड्या मार खातात. आपल्याकडे पिकअपच्या रेडिएटरमध्ये सर्रास नळाचं पाणी असतं. ते गोठलं की फुगतं आणि रेडिएटरच नाही, इंजिनचा ब्लॉकही फोडतं. निघण्याआधी सगळं पाणी काढा, आतून धुऊन घ्या आणि कूलंट व शुद्ध पाणी निम्मं-निम्मं भरा. निम्म्या प्रमाणात इथिलीन ग्लायकोल असलं की उणे ३५ अंशांपर्यंत काळजी नसते. काचेवर फवारायच्या पाण्यालाही हेच लागू, तिथे थंडीत न गोठणारा द्रव भरा.

इंजिन ऑइल पातळ हवं. पंधरा-चाळीसचं ऑइल तिथे सकाळी काकवीसारखं होतं. उत्पादकाने परवानगी दिलेली सगळ्यात पातळ श्रेणी विचारून घ्या.

डिझेलमधलं मेण थंडीत बाहेर पडतं आणि फिल्टर तुंबतो. भारतीय मानकात साध्या डिझेलचा ओतबिंदू (ज्याखाली ते वाहत नाही ते तापमान) उन्हाळ्यासाठी १५ आणि हिवाळ्यासाठी ३ अंशांपर्यंत चालतो, म्हणजे दक्षिणेत भरलेलं डिझेल पहाडात न्यायच्या लायकीचं नाही. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं, ते याच कारणासाठी. वर जाताना टाकी रिकामी करत जा आणि पहाडातल्या पंपांवर भरा. रिकाँग पिओखालच्या पोवारीला टाकी काठोकाठ करा, पुढे काझाला पंप आहे. हीटरची टाकी वेगळी असेल तर तिच्यातलं डिझेलही बदलायला हवं, हे हमखास राहून जातं. डीईएफ (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) लागणारी बीएस-सहा गाडी असेल तर ते उणे ११ अंशांना गोठतं. गाडी स्वतः टाकी तापवते, पण जास्तीचा डबा हौद्यात उघड्यावर ठेवू नका.

रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठून अडकतो. गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, वायपर उभे करा.

कुठल्या रस्त्याने जायचं?

हिवाळ्यात स्पितीला एकच दार उघडं असतं: सिमला, नारकंडा, रामपूर, रिकाँग पिओ, नाको, ताबो, काझा. मनालीकडून अटल बोगद्यातून सिस्सू-केलाँगपर्यंत जाता येतं, पण साडेचार हजार मीटरवरचा कुंझुम ला बंद असतो. नकाशा-ॲप कधीकधी तो उघडा दाखवतं. ॲपचं ऐकू नका, पोलिसांचं आणि बीआरओच्या (सीमा रस्ते संघटनेच्या) माणसांचं ऐका. नाकोजवळ मलिंग नाल्यावर दरड आली की दोन दिवस थांबावं लागतं, तेवढं खाणं गाडीत हवं.

एकदम चढू नका. रिकाँग पिओजवळच्या कल्पाला (२,९६० मीटर) दोन रात्री, मग ताबोला (३,२८० मीटर), मग काझा. नाको ताबोपेक्षा उंच आहे, वाटेत ते लागलं तरी पहिला मुक्काम तिथे टाळा. डोकेदुखी, उलटी, तोल जाणं असं झालं तर हीटर वाढवून उपयोग नाही, खाली उतरायचं. भारतीयांना स्पितीसाठी परमिट लागत नाही. परदेशी पासपोर्टवर आलेल्या भावा-बहिणीला मात्र लागतं.

स्वयंपाक कसा?

कमीत कमी. काझाला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजत नाही. तीन लिटरचा कुकर न्या. छोट्या ब्यूटेन कॅनवर भरवसा नको, ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. घरगुती सिलिंडरही थंडीत रडतो. दाबाचा रॉकेल किंवा पेट्रोल स्टोव्ह उत्तम, तो दार उघडं ठेवून फाळक्यावर पेटवायचा. फाळका हाच ओटा.

घरून मेतकूट, भाजलेला रवा, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चिक्की असं न्या. रव्यात उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकलं की उपमा तयार. तूप दगडासारखं होतं, ते बाटलीत न भरता डब्यात भरा.

पाणी आणि संडास?

नळ, पंप, टाकी काही बसवू नका, सगळं फुटेल. दहा लिटरचे दोन कॅन खोक्यात, अंथरुणाच्या पायथ्याशी, आणि रात्रीसाठी दोन थर्मास. कॅन पाऊणच भरा. संडासासाठी झाकणाची बादली, लाकडाचा भुसा आणि जाड पिशव्या. पिशवी नदीत किंवा बर्फाखाली टाकायची नाही, खाली घेऊन यायची. ढाबे-होमस्टेमध्ये विचारलं तर नाही म्हणत नाहीत. तिथला कोरडा संडास कसा वापरतात ते आधी विचारून घ्या आणि त्यात पाणी ओतू नका.

एकूण खर्च?

गाडी आणि तिची दुरुस्ती सोडून, हाताने बरंच काम केलं तर एक ते दीड लाख. निम्मे पॅनेल आणि फॅब्रिकेशनला, चौथाई हीटर-बॅटरी-वायरिंगला, उरलेले अंथरूण, साखळ्या आणि अलार्मला. पैसे कमी पडले तर हीटर पुढच्या वर्षी घ्या आणि डिसेंबरात नारकंड्यापर्यंतच जा. इन्सुलेशन पुढच्या वर्षी लावू म्हणत हीटर आधी घेणारे बरेच भेटतात. ते गाडीबाहेरची हवा तापवतात.

आधी चाचणी कुठे घ्यावी?

जानेवारीत निफाडला. महाराष्ट्रातली हाडं गोठवणारी थंडी तिथेच पडते, पारा चार-पाच अंशांपर्यंत येतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठीही चालेल. हीटर बंद ठेवून झोपा, आत-बाहेर थर्मामीटर लावा. पहाटे आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सात-आठ अंशांनी तरी जास्त हवं. नसेल तर दाराची रबर पट्टी बघा, दहापैकी आठ वेळा तीच असते. हीटरची चाचणी मात्र इथे खरी होत नाही, कारण उंची नाही. ती नारकंड्याला, परतीचा रस्ता मोकळा असताना करा.

एवढं सगळं करण्यापेक्षा होमस्टेतच का राहू नये?

राहावंच. दर तिसऱ्या रात्री तरी राहा. तंदूरच्या खोलीत स्लीपिंग बॅगा आणि गाद्या वाळतात, गरम थुक्पा मिळतो, रस्त्याची खरी बातमी मिळते आणि हिवाळ्यात कमाई नसलेल्या घराला चार पैसे मिळतात. पिकअपचा खोका आहे तो दरड पडून मध्येच अडकलात, होमस्टे बंद निघालं किंवा पहाटे चंद्रतारे बघत कुठेतरी थांबावंसं वाटलं त्या रात्रींसाठी. सगळ्या रात्री गाडीतच काढायचा हट्ट धरणाऱ्यांचं अंथरूण चौथ्या दिवसापासून दमट राहतं.

आईवडिलांना किंवा लहान मुलांना नेऊ का?

जानेवारीत नको. मे-जूनमध्ये याच गाडीतून न्या.

रात्री गाडी कुठे लावायची?

गावात, विचारून. नदीच्या पात्रात नाही, नाल्याच्या तोंडाशी नाही, सुट्या दगडांच्या उताराखाली तर मुळीच नाही. दिवसा ऊन पडलं की वरचे दगड सुटतात, संध्याकाळी रस्त्यावर ताजे दगड दिसले तर तिथून पुढे सरका. तोंड उताराच्या दिशेला ठेवा, म्हणजे सकाळी बॅटरीने दगा दिला तर ढकलून स्टार्ट करता येते. आणि शक्य तर पूर्वेला उघडी जागा निवडा, ऊन आधी इंजिनवर पडेल.